स्कॅन कोणता मारायचा, हे कोण ठरवणार?

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. वर्षाला वीस फुटी १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेले हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाचे. कोणता कंटेनर कुठे रचला आहे, कोणत्या ट्रकवर चढवायचा आहे, कोणत्या जहाजाचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच गेली आणि काम हाताने रेटण्याची वेळ आली. अडकलेल्या मालासाठी बंदर प्रशासनाला वेगळ्या जागेची सोय बघावी लागली.

हल्लेखोरांचा न्हावा शेव्याशी काही संबंध नव्हता. त्यांचे लक्ष्य होते युक्रेन. तिथल्या ‘एम. ई. डॉक’ नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये त्यांनी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम घुसवला. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातून तो समूहाच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला. त्यानंतर दहा दिवसांत कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितले. कंपनीने स्वतःचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर धरले.

या घटनेवर तेव्हा बरेच लिहिले गेले. एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एका संगणकात शिरल्यावर नॉटपेट्या आधी शेजारचे संगणक धुंडाळायचा आणि त्यांच्यावर १३९ आणि ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहेत का, ते तपासायचा. विंडोज संगणकांमध्ये फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी हे पोर्ट लागतात. म्हणजे त्या प्रोग्रॅमने पोर्ट स्कॅनच केला होता आणि तोही नेमका. हजारो पोर्ट चाचपत बसण्यापेक्षा त्याने कामाचे दोनच निवडले. स्कॅन कुठून करायचा, काय शोधायचे आणि सापडल्यावर काय करायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हल्लेखोरांनी आधीच ठरवून ठेवली होती.

बचाव करणाऱ्यांकडे ही उत्तरे असतात का? नवी मुंबईपुरते बोलायचे तर हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत. देशभरातल्या बँकांचे, विमा कंपन्यांचे, दुकानांचे व्यवहार इथल्या सर्व्हरवर चालतात. ऐरोलीतच राज्याचे वीज भारप्रेषण केंद्र आहे, बेलापूरला कोकण रेल्वेचे मुख्यालय आहे, ठाणे-बेलापूर पट्टीत आणि तळोज्यात रसायनांचे कारखाने आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचेही उद्घाटन झाले. इतके सगळे नेटवर्कवर अवलंबून असलेल्या शहरात सुरक्षेची तपासणी अनेकदा एका प्रमाणपत्रापुरती उरते. वर्क ऑर्डरमध्ये ‘व्हीएपीटी (म्हणजे त्रुटी शोधून घुसून पाहण्याची चाचणी) करून देणे’ एवढेच लिहिलेले असते. पुढचे सगळे ठरवतो तो स्कॅन चालवणारा इंजिनीअर, आणि त्याच्याकडे असतात दोन दिवस आणि एक लॅपटॉप.

त्या इंजिनीअरला दोष देण्यात अर्थ नाही. पोर्ट स्कॅनचे पर्याय निवडणे हा संस्थेने घ्यायचा निर्णय आहे. तो तांत्रिक बाब म्हणून खाली ढकलला जातो आणि तिथेच चूक होते.

आधी स्कॅन म्हणजे काय, ते पाहू. वाशीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीचा पत्ता असावा तसा प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता असतो आणि सोसायटीत फ्लॅटचे क्रमांक असावेत तसे त्याच्यावर पोर्ट असतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. वेबसाइट ४४३ वर, रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, कारखान्यातल्या यंत्रांची मॉडबस ही भाषा ५०२ वर, अशी नेहमीची वाटणी आहे. पोर्ट स्कॅन म्हणजे या प्रत्येक क्रमांकावर विचारणा पाठवून उत्तर काय येते ते टिपणे. ‘हो’ आले तर पोर्ट उघडा. ‘नाही’ आले तर बंद. काहीच उत्तर आले नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे, आणि अहवालात ‘फिल्टर्ड’ असे पडते.

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे एनमॅप. गॉर्डन लायन यांनी १ सप्टेंबर १९९७ रोजी ते ‘फ्रॅक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. ते फुकट आहे आणि कोणालाही उतरवून घेता येते. त्याला शंभराहून अधिक पर्याय आहेत. एकही पर्याय न देता ते चालवले तरी ते चालते, अहवाल देते आणि तो अहवाल व्यवस्थित दिसतो. धोका इथेच आहे. काय तपासले नाही, हे वरिष्ठांना त्या अहवालावरून कळत नाही.

पहिला निर्णय स्कॅन कुठून करायचा याचा. बहुतेक ठिकाणी तो बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून केला जातो. बाहेर फायरवॉल असतो, अहवालात दोन-तीन पोर्ट उघडे दिसतात, बाकीच्यांपुढे ‘फिल्टर्ड’ पडते आणि रिपोर्ट क्लीन आला म्हणून फाइल बंद होते. हा स्कॅन आवश्यकच आहे. बाहेरचे लोक तो रोज करत असतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झीमॅप हे साधन आणले, तेव्हा एका साध्या सर्व्हरवरून सगळ्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एक पोर्ट पाऊण तासात तपासून होत होता. शोडानसारखी संकेतस्थळे तर असे निकाल शोधायला ठेवतात. त्यामुळे नवी मुंबईतल्या एखाद्या कंपनीने स्वतःचा स्कॅन केला नाही, तरी तिचा स्कॅन झालेलाच असतो. त्याचा निकाल फक्त तिच्या हातात नसतो.

पण न्हावा शेव्याला जे घडले ते बाहेरच्या स्कॅनमध्ये दिसणारे नव्हते. नॉटपेट्या आतून पसरला. हिशेब विभागातल्या संगणकावरून यार्डातल्या सर्व्हरच्या ४४५ पोर्टपर्यंत पोहोचता येते का, एका देशातल्या कार्यालयातून दुसऱ्या देशातल्या टर्मिनलपर्यंत पोहोचता येते का, या प्रश्नांची उत्तरे आत बसून केलेल्या स्कॅनमधूनच मिळतात. नॉटपेट्याने वापरलेल्या ४४५ पोर्टवरच्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच त्रुटीतून जगभर धुमाकूळ घातला होता. नॉटपेट्या आला तो त्यानंतर साडेसहा आठवड्यांनी. शिवाय तो चोरलेले पासवर्ड वापरून दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत होता. म्हणून नुसते पॅच मारून भागत नव्हते. कोणाला कोणापर्यंत पोहोचता येते, ते तपासून नको त्या वाटा बंद करणे गरजेचे होते.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्यात सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे बाह्यरुग्ण विभाग कागदावर चालला. त्याचे कारण सरकारने राज्यसभेत सांगितले: नेटवर्कची नीट विभागणी झालेली नव्हती. विभागणी नीट आहे की नाही, हे आराखड्यावर बोट ठेवून कळत नाही. प्रत्येक विभागात लॅपटॉप जोडून बाकीच्या विभागांकडे स्कॅन करावा लागतो. नोंदणी कक्षातून प्रयोगशाळेकडे, प्रयोगशाळेतून लेखा विभागाकडे, पाहुण्यांच्या वाय-फायवरून सगळीकडे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला दिवस लागतात आणि म्हणूनच ते वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेले नसले की होत नाही.

दुसरा निर्णय किती पोर्ट तपासायचे याचा. एनमॅपला काही सांगितले नाही तर ते सर्वाधिक आढळणारे १,००० पोर्ट तपासते. एनमॅपच्याच माहितीपुस्तिकेनुसार टीसीपी या प्रकारातले सुमारे ९३ टक्के उघडे पोर्ट त्यात सापडतात. यूडीपी या प्रकारात मात्र हे प्रमाण सुमारे ४९ टक्केच आहे. उरलेल्या पोर्टांवर काय असते? एखाद्या व्हेंडरने देखभालीसाठी उघडून ठेवलेला पोर्ट, कोणीतरी ‘लपवण्यासाठी’ भलत्याच क्रमांकावर नेलेला रिमोट डेस्कटॉप, कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा आडनिडा क्रमांक. संस्थेला ज्यांचा विसर पडलेला असतो अशा गोष्टी नेमक्या इथेच सापडतात. महत्त्वाच्या सर्व्हरवर सगळे ६५,५३५ टीसीपी पोर्ट तपासणे आज अजिबात अवघड नाही. १,००० वर थांबायला पटणारे कारण उरलेले नाही.

यूडीपीचे तसे नाही. तिथे उघडा पोर्ट बहुधा गप्प बसतो आणि फायरवॉलही गप्प बसतो, त्यामुळे निकालात ‘उघडा किंवा फिल्टर्ड’ अशी अनिश्चित नोंद येते. बंद पोर्ट असला तर ‘इथे कोणी नाही’ असा निरोप यायला हवा, पण लिनक्स असे निरोप सेकंदाला एकच पाठवते. त्या गतीने सगळे पोर्ट तपासायचे तर एका यंत्राला १८ तासांहून अधिक लागतात. साहजिकच यूडीपी स्कॅन वगळला जातो. पण डीएनएस, स्विच आणि राउटरच्या देखरेखीसाठी वापरले जाणारे एसएनएमपी, काही व्हीपीएन हे सगळे यूडीपीवरच चालते. इथे मधला मार्ग आहे: नेमके वीस-पंचवीस यूडीपी पोर्ट निवडायचे आणि उरलेले तपासले नाहीत असे अहवालात स्पष्ट लिहायचे.

एक बारीक गोष्ट यातच येते. यंत्र जिवंत आहे की नाही हे एनमॅप आधी पाहते आणि उत्तर आले नाही तर ते यंत्र सोडून पुढे जाते. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या विचारणेला, उत्तर न देणारे, आपल्या विभागाबाहेरचे संगणक असे सहज सुटतात. अहवालात ‘२५४ पैकी ६० यंत्रे आढळली’ असे आले, तर उरलेल्या १९४ पत्त्यांवर खरेच काही नाही की त्यांनी उत्तर दिले नाही, हे विचारायला हवे. सगळी यंत्रे जिवंत धरून तपासण्याचा पर्याय आहे. वेळ जास्त जातो, इतकेच.

तिसरा निर्णय वेगाचा आणि हळुवारपणाचा. इथे चूक झाली तर नुकसान होते ते तपासणीतूनच.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने औद्योगिक नियंत्रण यंत्रणांच्या सुरक्षेवर एक मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात असे तीन प्रसंग नोंदवले आहेत. एका कारखान्यात नऊ फुटी यांत्रिक हात चालवणाऱ्या नेटवर्कवर नुसता पिंग स्वीप केला, म्हणजे कोणती यंत्रे जिवंत आहेत एवढेच विचारले. त्यासरशी एक हात अचानक सुरू झाला आणि १८० अंशांत फिरला. सुदैवाने त्याच्या टप्प्यात कोणी नव्हते. दुसऱ्या ठिकाणी अशाच स्वीपने चिप बनवणाऱ्या कारखान्याची नियंत्रण यंत्रणा अडकली आणि ५० हजार डॉलरच्या वेफर वाया गेल्या. तिसऱ्या प्रसंगात एका गॅस कंपनीच्या नेटवर्कची चाचणी करणारे सल्लागार बेफिकिरीने नियंत्रण यंत्रणेच्या भागात शिरले आणि चार तास वाहिनीतून गॅस सोडता आला नाही.

पवणे, तुर्भे किंवा तळोज्यातल्या रसायन कारखान्यात रिॲक्टरचे तापमान सांभाळणारा पीएलसी हा नियंत्रक पंधरा-वीस वर्षे जुना असू शकतो. तो बसवला तेव्हा त्याच्याशी बोलणारी यंत्रे मोजकी आणि ओळखीची असतील, असे गृहीत धरलेले होते. मॉडबसची मूळ रचना १९७९ ची आणि तिच्यात पासवर्डची सोयच नाही. अशा यंत्रावर सेकंदाला हजारो विचारण्या पाठवल्या तर ते गोंधळते, थांबते किंवा नव्याने सुरू होते. रसायनाच्या कारखान्यात याचा अर्थ काय होतो, हे ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कामगारांना समजावून सांगायची गरज नाही.

ऑफिसातले साधे प्रिंटरही नाजूक असतात. पोर्ट उघडा सापडला की त्याच्यामागे कोणते सॉफ्टवेअर, कोणते व्हर्जन आहे हे शोधायला एनमॅप वेगवेगळ्या विचारण्या पाठवते. काही प्रिंटरांच्या ९१०० पोर्टवर जे येईल ते प्रिंटर सरळ छापतो. त्या विचारण्यांचे निरर्थक कागद भसाभस बाहेर पडायला लागतात. म्हणून एनमॅपच्या कर्त्यांनी ९१०० ते ९१०७ हे पोर्ट व्हर्जन शोधण्यातून मुळातच वगळले आहेत. ‘सगळे पोर्ट तपासा’ असा हट्ट धरून ही वगळणूक काढून टाकण्याचाही पर्याय आहे, आणि तो कोणी वापरला तर सकाळी रिकामे ट्रे आणि कागदांचा ढीग सापडतो.

वेगासाठी एनमॅपमध्ये शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत. शून्यावर दोन विचारण्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर राहते. त्या गतीने १,००० पोर्टांना साडेतीन दिवस लागतील. एकवर १५ सेकंद, दोनवर ०.४ सेकंद. तीन ही नेहमीची पायरी. चार आणि पाच घाईच्या. दोनच्या पायरीवर एका यंत्राचे १,००० पोर्ट साधारण सात मिनिटांत आणि सगळे ६५,५३५ सव्वासात तासांत तपासून होतात. म्हणजे जुन्या यंत्रांसाठी हळू जाणे अशक्य नाही, फक्त त्याचे नियोजन हवे. कारखान्यात याहून चांगला मार्ग म्हणजे देखभालीसाठी उत्पादन थांबलेले असताना स्कॅन करणे, किंवा आधी त्याच मॉडेलच्या सुट्या पीएलसीवर करून बघणे. चालू यंत्रणेवर विचारणा न पाठवता नुसती वाहतूक ऐकून यंत्रांची यादी बनवणारी साधनेही आहेत. आणि एनमॅपसोबत येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘सेफ’ हा गट आहे तसे ‘इंट्रुझिव्ह’, ‘डॉस’ आणि ‘एक्स्प्लॉइट’ हेही गट आहेत. सगळ्या स्क्रिप्ट एकदम चालवणे चालू यंत्रणेवर कधीही योग्य नाही.

चौथी बाब पर्यायांच्या यादीत नसते, पण तिच्याशिवाय बाकी तीन वाया जातात: निकाल जपून ठेवणे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर परिसरातली वीज गेली, लोकल थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने चीनशी जोडलेल्या एका गटाने भारतीय वीज यंत्रणांना लक्ष्य केल्याचा अहवाल दिला, मात्र मुंबईच्या खंडित विजेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नसल्याचेही त्यातच म्हटले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या तपासाचा हवाला देत घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हेच कारण सांगितले. सामान्य माणसाच्या हाती दोन परस्परविरोधी विधाने उरली.

कोण बरोबर होते, यात इथे शिरायचे नाही. पण अशा वेळी उपयोगी पडतो तो आधीचा पुरावा. महिन्यापूर्वी या यंत्रावर तीन पोर्ट उघडे होते, आज चार आहेत, चौथा कोणी उघडला? हा प्रश्न विचारण्यासाठी महिन्यापूर्वीचा स्कॅन त्याच पर्यायांनी केलेला आणि जपलेला हवा. दोन स्कॅनमधला फरक दाखवणारे एनडिफ हे साधन एनमॅपसोबत फुकट मिळते. पण एका वेळी १,००० पोर्ट आणि दुसऱ्या वेळी ६५,५३५, एकदा बाहेरून आणि एकदा आतून, असे केले तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच पर्याय दर वर्षी बदलणाऱ्या ठेकेदारावर न सोडता संस्थेने ठरवून लिहून ठेवायला हवेत.

परवानगीचा प्रश्नही मोठा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यात व्यत्यय आणणे यांवर भरपाई लावते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्या घटनांच्या यादीतली पहिलीच नोंद महत्त्वाच्या नेटवर्कचे लक्ष्य ठरवून केलेले स्कॅनिंग ही आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, सुरक्षा तपासणी सुरू असल्याचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ठाऊक नसेल, तर तो स्कॅन हल्ला समजून दिल्लीला कळवला जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात स्कॉट मोल्टन हा तंत्रज्ञ एका काउंटीच्या आपत्कालीन ९११ सेवेचे नेटवर्क सांभाळत होता. डिसेंबर १९९९ मध्ये त्याने त्या सेवेच्या एका जोडणीची तपासणी केली, तेव्हा दुसऱ्या कंत्राटदार कंपनीचा सर्व्हरही त्याच्या स्कॅनमध्ये आला. त्या कंपनीने तक्रार केली आणि त्याला अटक झाली. पुढे २००० मध्ये संघराज्य न्यायालयाने स्कॅनमुळे नेटवर्कचे नुकसान झाले नसल्याचा निर्वाळा दिला, पण तोवर त्याला बराच मनस्ताप सोसावा लागला होता. नवी मुंबईत एकाच डेटा सेंटरमध्ये, एकाच स्विचमागे अनेक कंपन्यांची यंत्रे असतात. आयपी पत्त्यातला एक आकडा चुकला तर शेजाऱ्याचा सर्व्हर स्कॅन होतो. स्कॅन करणाऱ्या मुलाच्या हातात सही-शिक्क्याचे पत्र, आयपी पत्त्यांची यादी आणि अडचण आली तर रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर असायलाच हवा. नसेल तर सगळी जोखीम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडते, आणि हे अन्यायाचे आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप खर्चाचा. मोठ्या बंदराला, विमानतळाला हे परवडेल; छोट्या नागरी सहकारी बँकेने, पन्नास कामगारांच्या कारखान्याने काय करावे? आक्षेप खोटा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हल्लेखोरांनी ९४ कोटींहून अधिक रक्कम लुटली. त्यानंतर, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर करून प्रत्येकाची जबाबदारी वेगळी ठरवली. लहान बँकेकडून मोठ्या बँकेइतकी अपेक्षा नको, हे नियामकानेही मान्य केले आहे. पण इथे सांगितलेल्या गोष्टींमध्ये महागडे असे काही नाही. एनमॅप फुकट आहे, एनडिफ फुकट आहे. लागतात ते माणसाचे चार-पाच जादा दिवस आणि वर्क ऑर्डरमधला एक नीट लिहिलेला परिच्छेद. खर्च वाचवायचा असेल तर यंत्रे कमी निवडावीत. निवडलेल्या यंत्रांचे स्कॅन मात्र पूर्ण करावेत.

म्हणून नवी मुंबई आणि पनवेल महापालिका, सिडको, एमआयडीसीतले कारखानदार, सहकारी बँकांचे संचालक आणि रुग्णालयांचे विश्वस्त या सगळ्यांना एकच विनंती आहे. पुढची सुरक्षा तपासणी देण्याआधी वर्क ऑर्डरमध्ये या गोष्टी लिहा: स्कॅन बाहेरून आणि प्रत्येक विभागाच्या आतून करावा, महत्त्वाच्या सर्व्हरचे सर्व टीसीपी पोर्ट आणि ठरवलेले यूडीपी पोर्ट तपासावेत, उत्तर न देणारे पत्ते रिकामे गृहीत धरून सोडू नयेत, कारखान्यातली, रुग्णालयातली नाजूक यंत्रे वेगळी काढून त्यांच्या स्कॅनचा वेग आणि वेळ आधी ठरवावी, लेखी परवानगी आणि आयपी यादी जोडावी, मूळ निकाल संस्थेकडे जमा करावेत, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर काय तपासले नाही ते लिहावे. अहवाल हातात आल्यावर ते पहिले पान संचालकांनी स्वतः वाचावे आणि उघड्या प्रत्येक पोर्टपुढे तो कोणाला, कशासाठी लागतो याचे उत्तर मागावे. ज्या पोर्टला उत्तर मिळणार नाही, तो त्याच आठवड्यात बंद करावा.